छोट्या ट्रॅक्टरचे तेल



दारव्ह्याच्या काळ्या मातीत पेरणीचा वाफसा फार वेळ थांबत नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी छोट्या ट्रॅक्टरची लिफ्ट अवजार उचलीनाशी होते. लोक म्हणतात, पंप गेला. पुष्कळदा गेलेले असते ते तेल.

तेलाच्या दाबाने अवजार उचलण्याची फर्ग्युसनची योजना १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. आज अनेक छोट्या ट्रॅक्टरांत तेच तेल गिअरांनाही वंगण देते. गिअरांची झीज फिल्टरात साचते. मग पंपाला तेल अपुरे पडते. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले असे समजावे.

म्हणून हे काम वैशाखातच उरकावे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, अवजार जमिनीला टेकवावे, इंजिन बंद करावे आणि तेल कोमट असतानाच सोडावे. जाळी धुवावी. नव्या फिल्टरच्या रबरी कडीला तेल लावून तो हातानेच आवळावा. पुस्तिकेत सांगितलेले तेल खुणेपर्यंत भरावे, लिफ्ट चार-सहा वेळा वरखाली करावी, आणि पातळी पुन्हा पाहावी. जुने तेल मात्र नाल्यात ओतू नये.

बंडीच्या आसाला वंगण दिल्यावाचून आपले वडील गावाबाहेर पडत नसत. वाहन बदलले, ती शिस्त बदलण्याचे कारण नाही.