बेळगावचा न्याय शिरूर-दौंडला

जूनच्या मध्यावर जिल्हा परिषदेच्या शाळा उघडतात. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील कित्येक गावांच्या शिवेवर फासेपारध्यांची चार-दोन घरे किंवा पाले असतात. तेथले सहा वर्षांचे एखादे मूल पहिलीच्या वर्गात येऊन बसते. घरी ते दिवसभर बोलत असते. भावंडांशी भांडते, आजीला प्रश्न विचारून भंडावते, शेळीलाही हाका मारते. वर्गात मात्र ते तोंड उघडत नाही. गुरुजी स्वभावाने भले असतात. ते नाव विचारतात, फळ्यावरचे चित्र दाखवतात, पुन्हा विचारतात. उत्तर येत नाही. हळूहळू मूल मंद आहे अशी समजूत होते. दिवाळीनंतर ते येईनासे होते, आणि ‘या लोकांना शिक्षणाची आवडच नाही’ असा निकाल गाव देऊन मोकळे होते.

हा निकाल चुकीचा आहे. दारिद्र्य, भटकंती, जातीच्या दाखल्यासाठीचे हेलपाटे आणि पोलिसांची धास्ती ही मूल शाळेबाहेर जाण्याची कारणे आहेतच. परंतु या सर्वांच्या आधी, पहिल्या दिवशीच्या पहिल्या तासाला, आणखी एक गोष्ट घडलेली असते. त्या मुलाची भाषा त्या खोलीत कोणालाच येत नाही, आणि त्याला भाषा आहे याची दखलही कोणी घेत नाही.

भीमेच्या दोन्ही काठांवरचे हे तालुके मराठीचे खास मुलूख मानले जातात, आणि ते खरेच आहे. पण मराठी हीच येथली एकमेव बोली असे कधीही नव्हते. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. रेल्वेने देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आणून येथे वसविली. राज्य राखीव पोलीस दलाच्या वसाहतींनी त्यांत भर घातली. दौंड तालुक्यातच, केडगावला, पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन उभे राहिले. मध्य प्रांतात १८९६-९७ साली आणि गुजरातेत १९०० साली पडलेल्या दुष्काळांतून वाचलेल्या शेकडो मुली तेथे आल्या. त्या आपापली बोली घेऊनच आल्या होत्या. अलीकडच्या काळात रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींनी उत्तरेकडच्या व पूर्वेकडच्या मजुरांना या भागात आणले. पाटसला ‘भीमा’ आणि न्हावऱ्याला ‘घोडगंगा’ हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तेव्हापासून उसाच्या फडांत दर हंगामाला बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या उतरू लागल्या. त्या टोळ्यांत बंजाऱ्यांचे कोयतेही असतात. मुकादमाशी ते मराठीत बोलतात. कोपीच्या आत मात्र आईला ‘याडी’ म्हणणारी गोरबोली चालते.

या सर्व परभाषी माणसांची स्थिती सारखी नाही, हा मुद्दा नीट ध्यानात घेतला पाहिजे. दौंडच्या रेल्वे कामगाराची भाषा तेलुगू असेल, तर त्या भाषेचे स्वतःचे राज्य आहे, विद्यापीठे आहेत, वृत्तपत्रे आहेत. त्याचे मूल दौंडला मराठीत शिकले तरी आजोळी गेल्यावर त्याला आपली भाषा पाटीवर, पुस्तकावर, सरकारी कागदावर लिहिलेली दिसते. पारधी आणि गोरबोली यांना असे आजोळ नाही. या भाषा जेथे जातात तेथे परक्याच असतात. ज्या भाषेला मायभूमी नाही ती कायमच घराबाहेर असते.

मायभूमी पाठीशी असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण ईशान्येकडे आहे. १८१९ ते १८२६ या सात वर्षांत ब्रह्मी फौजांनी मणिपूर उद्ध्वस्त केले, तेव्हा हजारो मैतेई कुटुंबे कछार आणि सिल्हेटकडे निघून गेली. त्यांचे वंशज आज आसामच्या बराक खोऱ्यात, त्रिपुरात आणि बांगलादेशात आहेत. भोवती बंगालीचा समुद्र असूनही दोनशे वर्षांत त्यांची भाषा बुडाली नाही. त्यांच्या मागे इंफाळ होते, लिखित साहित्य होते, आणि पुढे स्वतंत्र भारतात एक राज्यही उभे राहिले. १९९२ साली मणिपुरीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. २०२४ साली आसाम विधानसभेने राजभाषा कायदा दुरुस्त करून बराक खोऱ्यातील तीन जिल्ह्यांत आणि होजाईत मणिपुरीला सहयोगी राजभाषेचा दर्जा दिला. घरापासून दूर असलेल्या अल्पसंख्य भाषेला दुसरे राज्य मान देऊ शकते आणि त्याने त्या राज्याचे काही बिघडत नाही, हे यावरून सिद्ध होते.

आता आकड्यांकडे पाहू जाता एक विलक्षण गोष्ट आढळते. २०११ च्या जनगणनेत देशातील मणिपुरी भाषकांची संख्या सुमारे १७ लाख ६१ हजार होती. त्याच जनगणनेत लमाणी-लंबाडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ३२ लाख ७६ हजार होते. म्हणजे मणिपुरीच्या जवळजवळ दुप्पट. पण या लोकांना जनगणनेच्या तक्त्यात स्वतंत्र भाषा नाही. त्यांची बेरीज हिंदीच्या खात्यावर मांडली जाते. पारधी बोलीची बेरीज भिलीच्या खात्यावर जाते. तेव्हा हक्क संख्येवर मिळतात असे म्हणणेही खरे नाही. ज्यांना प्रदेश आहे, सत्ता आहे, लिहिणारा वर्ग आहे, त्यांच्या बोलण्याला भाषा म्हणतात. इतरांच्या बोलण्याला बोली म्हणून बाजूला सारतात.

पारध्यांच्या बाबतीत तर याहून वाईट घडले. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा जो भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला, त्यात भिली भाषांबरोबर पारधी आणि बंजारी यांचीही नोंद आहे. एका अभ्यासकाने हे बोलणे भाषा म्हणून टिपले. पुढच्याच वर्षी, १९०८ साली, मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांचे इलाख्यातील ‘गुन्हेगार’ जमातींविषयीचे पुस्तक निघाले. त्यातही जमातींच्या बोलण्याची माहिती आहे; पण ती त्यांची पोशाखाप्रमाणे किंवा हत्यारांप्रमाणे ओळख पटावी म्हणून. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला आणि पारधी कागदोपत्री विमुक्त झाले. भाषा मात्र विमुक्त झाली नाही. आजही बाजारात दोन पारधी बाया आपल्या भाषेत बोलू लागल्या की दुकानदाराची नजर गल्ल्याकडे जाते. ज्या भाषेत बोलल्याने संशय ओढवतो, ती भाषा आई मुलाला चारचौघांत गप्प करायला शिकवते. वर्गातले ते मौन हे या शिकवणीचेच फळ आहे.

या ठिकाणी मराठी समाजाने स्वतःच्या इतिहासाकडे पाहणे उचित होईल. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूरचा मराठी माणूस परभाषी राज्यात अल्पसंख्य झाला. तेव्हापासून महाराष्ट्र त्याच्यासाठी काय मागत आला? मुलाला पहिले शिक्षण मायबोलीत मिळावे. सरकारी कागद त्याला वाचता यावा. बहुसंख्याकांची भाषा त्याने शिकावी, पण आपली विसरण्याची सक्ती त्याच्यावर नसावी. सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात नेला. त्याचा निकाल काहीही लागो, भाषिक हक्काची मागणी न्याय्यच आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठराव केला होता, की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले वेगळ्या मातृभाषेची असतील, तर त्यांच्यासाठी त्या भाषेचा शिक्षक नेमावा. राज्यघटनेचे ३५० क हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास प्रत्येक राज्याला सांगते. बेळगावसाठी आधार म्हणून घेतलेले हे कलम शिरूर-दौंडच्या वेशीवर येऊन थांबत नाही.

ताजे उदाहरण तर अधिक बोलके आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा निर्णय काढला. महाराष्ट्रभर विरोध झाला आणि २९ जून रोजी शासनाला तो मागे घ्यावा लागला. त्या वेळी शिक्षक, पालक, साहित्यिक सर्वांनी एकमुखाने सांगितले, की सहा वर्षांच्या मुलावर अनोळखी भाषेचे ओझे टाकू नये. आधी त्याची स्वतःची भाषा पक्की होऊ द्यावी. युक्तिवाद निःसंशय बरोबर होता. पण पारध्याच्या आणि बंजाऱ्याच्या मुलाला पहिलीत अनोळखी असलेली पहिली भाषा मराठी आहे. मराठी मुलासाठी जो युक्तिवाद बरोबर, तो पारधी मुलाच्या बाबतीत चूक कसा ठरेल?

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते प्रामाणिकपणे घेतले जातात, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा, की या मुलांना पुढे मराठीतच जगायचे आहे. बाजार, तलाठी कार्यालय, पोलीस ठाणे, कारखाना सगळीकडे मराठीच लागते, मग तिला उशीर का करावा? मराठी त्यांना आलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही; पारधी आईबापांनाही तेच हवे आहे. पण ओळखीच्या शब्दाचा हात धरून अनोळखी शब्दाकडे नेले, तर मूल मराठी लवकर शिकते. थेट पाण्यात ढकलले, तर ते घाबरून काठ सोडत नाही. दुसरा आक्षेप लिपीचा व पुस्तकांचा. गोरबोलीत देवनागरीतून लेखन होत आले आहे. पारधी गाणी, गोष्टी, म्हणी त्याच लिपीत उतरवता येतील. पहिली दोन वर्षे तर मुख्यतः बोलण्याचीच असतात. ओडिशाने २००६-०७ साली आदिवासी भाषांतून बहुभाषिक शिक्षणाचा आरंभ केला आणि पुढे २१ भाषांपर्यंत तो नेला. ओडिशाची तिजोरी महाराष्ट्राहून मोठी नाही.

तिसरा आक्षेप खरोखर अडचणीचा आहे. पारध्यांची वस्ती विखुरलेली. एका गावात चार घरे, दुसऱ्यात सहा. वर्गात १० मुले क्वचितच भरतात. ऊसतोडीच्या टोळीतील मुले दिवाळीच्या सुमारास येतात आणि हंगाम संपताच जातात. १९४९ चा नियम स्थिर वस्तीच्या लोकांसाठी लिहिलेला होता. पण नियम माणसाच्या मापाने बेतायचा असतो. एका गावात मुले पुरी होत नसतील तर केंद्रशाळा हा एकक धरावा, आणि केंद्रातील सर्व शाळांसाठी त्या समाजातील एक शिकलेला तरुण किंवा तरुणी मानधनावर साहाय्यक म्हणून नेमावी. कारखान्याच्या गाळपाची तारीख आधी ठरते, टोळ्यांना उचल त्याही आधी मिळते. मग कोणत्या फडाजवळ किती मुले येणार हे शाळेला आधी कळू नये, असे कोणतेही कारण नाही. साखर कारखान्याला कोयत्यांची संख्या ठाऊक असते. त्या कोयत्यांमागे येणाऱ्या मुलांचीही यादी त्याच्याकडून मागता येईल.

याची सुरुवात पैशाने नव्हे, मोजणीने होईल. शिरूर आणि दौंडच्या पंचायत समित्यांनी या वर्षी एवढेच करावे, की पहिलीत नाव घालताना मुलाच्या घरी कोणती भाषा बोलतात हे विचारून लिहावे, आणि ‘मराठी’ असे न विचारता भरू नये. ज्या भाषेची नोंद नाही तिच्यासाठी तरतूद होत नाही. आणि तरतूद नाही म्हणून पुढे कोणी नोंदही करत नाही. हे चक्र एका रकान्याने तुटू शकते.

मित्रहो, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि गावोगावी पेढे वाटले गेले. तो आनंद रास्त होता. पण भाषेचे मोठेपण तिच्या वयावरून एकदाच ठरते. तिच्या सावलीत राहणाऱ्या लहान भाषांशी ती कशी वागते, यावरून ते रोज ठरते. बेळगावच्या मराठी मुलासाठी जे मागितले, ते शिवेवरच्या पारधी मुलाला मराठीने आपण होऊन द्यावे. मग बेळगावची मागणी अधिक बळकट होईल, आणि पुढच्या जूनमध्ये पहिलीच्या त्या वर्गात एक मूल तोंड उघडेल.