पाय पाहिलेस का?

वार्षिक मेळाव्यातील युवक सत्रात एका निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर



पाळकसाहेबांनी मला सांगितलं, "कर्नलसाहेब, आपल्या मंडळीतले दोन तरुण यंदा एनडीएच्या परीक्षेला बसत आहेत. त्यांना दोन शब्द सांगा." दोनच शब्द सांगायचे तर अभ्यास करा आणि रोज धावा. ते त्यांना ठाऊक आहेच. म्हणून मी परीक्षेनंतरचं सांगणार आहे. तिथे मुलांमधूनच मुलांचे प्रमुख नेमले जातात. तसं पद मला मिळालं होतं आणि त्या पदावर असताना माझ्या हातून एक चूक झाली. ती आज सांगतो.

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी तुमच्यापैकी पुष्कळांनी सिंहगडावरून पाहिली असेल. 6 ऑक्टोबर 1949 रोजी तिची पायाभरणी झाली आणि 1955 च्या जानेवारीत ती तिथे सुरू झाली. भूदल, नौदल आणि हवाई दल, तिन्हींचे भावी अधिकारी बारावीनंतर तिथे येतात आणि तीन वर्षं, म्हणजे सहा सत्रं, एकत्र राहतात. मधोमध घुमटाची जी मोठी इमारत आहे तिला सुदान ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी भारतीय सैनिकांनी प्राण दिले. त्याची आठवण म्हणून तिथल्या सरकारने दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. प्रबोधिनीचं ब्रीदवाक्य आहे 'सेवा परमो धर्मः'. ते वाचायला सोपं आहे. अंगी मुरायला वेळ लागतो.

तिथली मुलं स्क्वॉड्रनमध्ये विभागलेली असतात. एका स्क्वॉड्रनमध्ये साधारण शंभरावर मुलं. वर अधिकारी असतातच, पण पहाटेच्या हजेरीपासून रात्री दिवे मालवेपर्यंत रोजचा कारभार मुलंच पाहतात. शेवटच्या सत्रातल्या एकाला स्क्वॉड्रन कॅडेट कॅप्टन नेमतात. पलंग नीट लावले आहेत का, कोण आजारी आहे, कोण गणितात मागे पडतोय, कोण घरच्या आठवणीने जेवत नाही, हे सगळं त्याने पाहायचं. वय असतं वीस-एकवीस. पुढे पलटणीत तीस-पस्तीस जवान हाताखाली येणार, त्याची ही तालीम असते.

मी त्या पदावर नेमला गेलो तेव्हा वडिलांना पत्र लिहिलं. ते नगर जिल्ह्यात शाळामास्तर होते. त्यांचं उत्तर आलं, "अभिनंदन. आता तुझ्यामुळे कोणाला त्रास होणार नाही, हे पाहा." मला ते पत्र जरा कोरडं वाटलं होतं.

त्या सत्रात क्रॉस कंट्रीची शर्यत जिंकायचीच, असं मी ठरवलं. या शर्यतीत एकटा वाघ पुढे जाऊन भागत नाही. सगळ्या स्क्वॉड्रनने धावायचं असतं आणि मागे राहणारे सगळ्यांना मागे ओढतात. आमच्यात पहिल्या सत्रातला एक मुलगा रोज मागे राहायचा. छोटा नागपूरच्या पठारावरच्या एका आदिवासी गावातून आलेला, अबोल, काटक. मी त्याला समज दिली, मग ओरडलो, मग संध्याकाळी वेगळं धावायला लावलं. तरी तो मागेच. एकदा सगळ्यांसमोर मी त्याला कामचोर म्हणालो. तो "येस सर" म्हणाला आणि पुन्हा धावायला लागला.

चार दिवसांनी आमच्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "तो मुलगा मागे का पडतो?" मी म्हणालो, "सर, ढिला आहे." त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तू त्याचे पाय पाहिलेस का?"

मी पाहिले नव्हते.

त्या रात्री मी त्याच्या खोलीवर गेलो. सीनियर आला म्हणून तो ताडकन उभा राहिला, आणि उभा राहताना त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. त्याला पलंगावर बसवलं आणि मी खाली जमिनीवर बसलो. दोन्ही टाचा सोलवटलेल्या होत्या, करंगळीजवळ फोड फुटलेले होते आणि मोजा रक्ताने चिकटला होता. कोमट पाण्याने भिजवून तो हळूहळू सोडवावा लागला. बूट त्याला लांबीला बरोबर होता, पण रुंदीला नव्हता. हा मुलगा दहावीपर्यंत अनवाणी वाढला होता. अनवाणी वाढलेला पाय पुढून पसरट असतो. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "सर, मला वाटलं बूट असेच चावतात. सगळेच सहन करत असतील."

तुम्ही चर्चला जाणारी माणसं आहात. वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभूने शिष्यांसाठी काय केलं ते तुमच्या मनात आलं असेल. खरं सांगतो, माझ्या मनात त्या वेळी असं काही आलं नाही. नुसती लाज वाटली. जी परीक्षा आणि जी मुलाखत मी पार केली, तीच तोही पार करून आला होता. फरक एवढाच, की माझ्या पायात लहानपणापासून चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं आणि रुंद बूट मिळवून दिले. शर्यत आम्ही जिंकलो नाही. तो मात्र मधल्या घोळक्यात धावत आला.

पुढे पलटणीत गेल्यावर कळलं, की हा काही त्या अधिकाऱ्यांच्या मनचा प्रश्न नव्हता. लांब मजल मारून आल्यावर अधिकाऱ्याने जवानांचे पाय तपासायचे, ही सैन्यातली जुनी रीत आहे. उंच बर्फाळ चौकीवर ओला मोजा वेळेत बदलला नाही, तर पायाची बोटं जाऊ शकतात. जवान आपणहून सांगत नाही, कारण त्याला कमजोर दिसायचं नसतं. म्हणून विचारून भागत नाही, वाकून पाहावं लागतं.

तरुण मित्रांनो, पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल हे नाव तुम्ही ऐकलं असेल. प्रबोधिनीत ते फॉक्सट्रॉट स्क्वॉड्रनचे स्क्वॉड्रन कॅडेट कॅप्टन होते. जून 1971 मध्ये ते अधिकारी झाले आणि त्याच वर्षी 16 डिसेंबरला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडले. रणगाडा पेटला होता, मागे येण्याचा आदेशही मिळाला होता. पण तोफ चालू होती म्हणून ते मागे आले नाहीत. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. असं धैर्य एका दिवसात येत नाही. आधी आपल्या माणसांचं पाहायचं आणि मग आपलं, ही सवय त्याच्या मुळाशी असते, असं मला माझ्या नोकरीवरून वाटतं.

आता मुलींनाही हा मार्ग खुला झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधील आदेशानंतर 2022 मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि 30 मे 2025 रोजी त्यातल्या 17 जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. आईवडिलांनो, हे लक्षात ठेवा. लेखी परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. पुढे काही दिवसांची निवड मंडळाची मुलाखत असते. दहावीनंतर तयारी करायची असेल, तर छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून आहे. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे.

शेवटी एक राहिलं. तो मुलगाही पुढे अधिकारी झाला. बऱ्याच वर्षांनी माजी विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यात आम्ही भेटलो. चहा घेताना मी त्या बुटांचा विषय काढला. तो हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, बुटांचं मी केव्हाच विसरलो. ते 'कामचोर' मात्र नाही विसरलो. तुम्ही माफी खोलीत मागितली होती. शब्द सगळ्यांसमोर बोलला होतात."

तो म्हणाला ते खरं होतं. आमच्या टेबलाभोवती त्याच्या तुकडीतले सात-आठ जण होते. मी उठून त्या सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. पंचवीस वर्षं उशीर झाला होता.

तुम्ही दोघं निवडले जाल की नाही, हे देवाला ठाऊक. पण पद फक्त गणवेशातच मिळतं असं नाही. कोणी वर्गाचा मॉनिटर होईल, कोणी वसतिगृहात खोलीप्रमुख, कोणी मंडळीच्या कमिटीवर येईल. तुमच्या हाताखालचं कोणी मागे पडत असेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी खाली वाका आणि त्याचे पाय पाहा. आणि चारचौघांत नाव ठेवून झालं असेल, तर माफीही चारचौघांतच मागा. माझ्यासारखी पंचवीस वर्षं लावू नका.

देव तुम्हाला आशीर्वादित करो. एवढं बोलून मी आपली रजा घेतो.