काजळी आणि नेम

आकुर्डीत तयार झालेली स्कूटर ज्यांनी चालवली, त्यांना कार्बन म्हणजे काय हे सांगायला नको. प्लगवरचा कार्बन त्यांनी कितीदा तरी खरवडला असेल. मला मात्र त्याला कंदिलाच्या काचेवरची काजळी म्हणणंच जवळचं वाटतं.

रायफलच्या नळीतही ही काजळी धरते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं १०.४ मिलिमीटरचं. नळीत काडतुसाचं तोंड जिथं संपतं, तिथं जळलेल्या दारूची राख, शिसं आणि गोळीवरचं मेण साचून एक कडक कडं तयार होतं. त्यातून घासून निघालेली गोळी ५० मीटरवर भरकटू शकते. बोल मात्र लागतो नेमबाजाच्या हाताला.

मग रोज खसाखसा घासावं का? तसंही नाही. गज तोंडाकडून घातला, तर नळीची कड झिजते आणि ती भरून येत नाही. म्हणून जाणकार मागच्या बाजूनं, द्रावणानं काजळी भिजवून, सावकाश साफ करतात. साफ केल्यावरही पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. त्यामुळं सामन्याआधी सरावाच्या गोळ्या झाडून नळी बसवून घ्यावी लागते.

तेव्हा कुणा होतकरू पोराचा नेम चुकला, तर त्याला रागावण्याआधी एकदा नळीत डोकवावं. निगा राखणं हाही नेमबाजीचाच भाग आहे.