काटा साठवर होता, म्हणून आम्ही निवांत होतो

नवीन जालन्यातून बोलतोय. बाहेर सळयांचे ट्रक चाललेत, मधेमधे हॉर्न ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात आयटीआयला डिझेल मेकॅनिक करणारा एक पोरगा गॅरेजवर आला. मी काही वर्षं बोटीवर होतो हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. म्हणाला, "काका, बोटीच्या इंजिनाचा काटा किती वर गेला की घाबरायचं?" मी म्हटलं, बस, चहा घे, याचं उत्तर एका आकड्यात येत नाही. आमचं इंजिन बिघडलं ते काटा खाली असताना. वर गेला तोपर्यंत उशीर झाला होता.

तर आधी माझं सांगतो. मी काम शिकलो ते इथंच, ट्रॅक्टर आणि ट्रकवर. जालन्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री. रेडिएटरवर हवाच गरम येते, इंजिन गार होणार कसं? मग आमच्या उस्तादांचा एकच इलाज. थर्मोस्टॅट. "निकाल के फेक दे, गाडी थंडी चलेगी." मी शेकड्यानं काढलेत. गिऱ्हाईक खूश, काटा खाली.

थर्मोस्टॅट म्हणजे काय, तर इंजिन आणि रेडिएटरच्या मधलं एक छोटं दार. आत मेण असतं. पाणी ठरावीक तापमानाला आलं की मेण फुगतं, दार उघडतं, पाणी गार व्हायला बाहेर जातं. तोवर दार बंद. म्हणजे त्याचं काम इंजिन गार ठेवणं नाही, योग्य तेवढं गरम ठेवणं आहे. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

पुढं ओळखीच्या एका ट्रकवाल्यामुळं रत्नागिरीला मिरकरवाड्यात गेलो. तिकडं बोट सिलिंडरवर ओळखतात. ही दोन सिलिंडरची, ती सहा सिलिंडरची. आमची सहाची ट्रॉलर. इंजिन बघितलं तर माझ्या ट्रकच्याच घराण्यातलं! फरक एवढाच की रेडिएटरच्या जागी कूलर. एका नळकांड्यात बारीक नळ्यांचा जुडगा. नळ्यांतून समुद्राचं पाणी, बाहेरून इंजिनाचं गोडं पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडं जाते. वापरलेलं समुद्राचं पाणी बोटीच्या बाजूनं परत बाहेर पडतं.

मला वाटलं, हे तर सोपं आहे. खाली एवढा अरबी समुद्र, अठ्ठावीस-तीस डिग्रीचा, फुकटचा रेडिएटर. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नव्हतं तिथून आलेला माणूस मी, मला पाण्याची काय भीती?

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या बंदीत इंजिनं उघडतात. मीही उघडलं, आणि कुणाला न विचारता थर्मोस्टॅट काढला.

ऑगस्टमध्ये बोट निघाली. काटा साठवर. तांडेल म्हणाला, "जालना, काटा लईच खाली दिसतोय रे." माझं नाव तिथं जालनाच पडलं होतं. मी छाती फुगवून म्हटलं, "काका, गार चालतंय, बरंच आहे की."

आता इथं थोडं थांबतो, कारण आकडे इथंच लागतात. गोड्या पाण्यावर चालणाऱ्या अशा इंजिनाचं पाणी साधारण 75 ते 90 डिग्रीच्या मधे राहायला हवं. पंच्याण्णवच्या आसपास अलार्म वाजतो. झाकण दाबाचं असतं, कुकरसारखं, म्हणून पाणी शंभरलाही उकळत नाही. काही छोट्या इंजिनांत थेट समुद्राचंच पाणी फिरवतात, ती मुद्दाम 50-60 वर चालवतात, कारण त्याच्या वर खाऱ्या पाण्यातले क्षार आतल्या भिंतींवर बसायला लागतात. म्हणजे साठ हा आकडा एका इंजिनाला बरोबर आणि दुसऱ्याला आजार. मोठ्या जहाजांवरही तेच. त्यांच्या सिलिंडरभोवतीचं पाणी ऐंशी-नव्वदच्या घरात ठेवतात. त्याहून गार ठेवलं तर इंधनातल्या गंधकाचं आम्ल थंड भिंतीवर जमतं आणि लायनर खातं.

आमचं इंजिन गार चालत होतं म्हणजे डिझेल पूर्ण जळत नव्हतं. सकाळी पांढरा धूर, डिझेल जास्त, थोडं डिझेल रिंगांवरून खाली तेलात. हे सगळं दिसत होतं. पण खरं नुकसान वेगळंच होतं, ते मला फार नंतर कळलं.

समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपात रबराचा इंपेलर असतो, पाकळ्यांचा. त्याच्या दोन पाकळ्या तुटल्या होत्या आणि तुकडे जाऊन कूलरच्या तोंडाशी अडकले होते. पाणी रोज थोडं कमी. थर्मोस्टॅट असता तर काटा ऐंशीवर ठाम उभा राहिला असता, आणि ज्या दिवशी कूलर कमी पडला त्या दिवशी तो ऐंशी सोडून वर सरकला असता. कुणाच्याही लक्षात आलं असतं. आमचा काटा साठवरून पासष्ट, मग सत्तर, मग पंच्याहत्तर. रोज आम्ही बघायचो आणि म्हणायचो, अजून ऐंशीच्या खाली आहे. निवांत.

त्या दिवशी जाळं पाण्यात होतं. जाळं ओढताना बोट हळू चालते, पण इंजिनावर पूर्ण लोड असतो. आणि नेमकी तेव्हा खालच्या तोंडातून एक प्लास्टिकची पिशवी आत ओढली गेली. स्ट्रेनर गच्च. काटा बघता बघता शंभरावर. तापलेल्या रंगाचा वास यायला लागला.

मी काय केलं? जालन्यात करायचो तेच. फडकं घेतलं आणि झाकण उघडायला हात घातला, दुसऱ्या हातात पाण्याचा डबा. तांडेलनं वरून उडी मारली आणि माझा हात झटकला. "हात लावू नको! बाजूनं पाणी पडतंय काय ते बघ आधी!" मी वाकून बघितलं. थेंब नाही.

त्यानं रेस कमी केली, गिअर काढला. पाणी पडत असतं तर थोडा वेळ तसंच हळू चालू ठेवून आतली उष्णता बाहेर काढता आली असती. पाणीच नव्हतं, म्हणून बंद केलं. झाकण त्या क्षणी उघडलं असतं तर दाब सुटून उकळतं पाणी माझ्या तोंडावर आलं असतं. आणि लाल तापलेल्या हेडमध्ये गार पाणी गेलं असतं तर हेडला तडा.

पाऊण तास बसलो. इंजिन बंद म्हणजे जाळं ओढणारा विंचही बंद, तो इंजिनावरच चालतो. लाटा ऑगस्टच्या. कुणी माझ्याशी बोललं नाही. गार झाल्यावर सीकॉक बंद करून स्ट्रेनर उघडला, पिशवी निघाली. दुधाची होती. मग तेलाची काडी काढली. तेल चहासारखं दुधाळ. हेड गॅस्केट गेलं होतं, पाणी तेलात उतरलं होतं. अशा तेलावर इंजिन चालवलं तर बेअरिंगही जातात, म्हणून तांडेलनं स्टार्टरला हात लावू दिला नाही. वायरलेसवर ओळखीच्या बोटीला बोलावलं. जाळ्याचा दोर तोडावा लागला. टोकाला बोया बांधला, जागा जीपीएसवर नोंदवली. नंतर दोनदा शोधलं. मिळालं नाही.

हेड फेसिंगला गेलं, तेव्हा उघडलेल्या कूलरमध्ये ते रबराचे तुकडे सापडले. तांडेलनं ते माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारलं, "थर्मोस्टॅट काढलास ते मला का नाही सांगितलंस?" ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी वही ठेवली. रोज त्याच रेसला, त्याच लोडला काटा किती, तेलाचा दाब किती, बाजूनं पाणी किती जोरात पडतंय. मालकानं नवीन थर्मोस्टॅट आणला, माझ्या पगारातून.

आता इथं गॅरेजवर कुणी म्हणालं की थर्मोस्टॅट काढून टाक, तर मी नाही म्हणतो. अशी दोन-तीन गिऱ्हाइकं गेली पण. त्या पोराला मी पातेलं दिलं. म्हटलं, गॅसवर पाणी ठेव, थर्मोमीटर लाव, थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगून सोड, बुडाला टेकू देऊ नको. त्याच्यावर 82 कोरलंय, त्याच्या आसपास उघडायला लागतं का बघ. जालना समुद्रापासून पाचशे मीटर उंच, पाणी इथं अठ्ठ्याण्णवच्या पुढंमागं उकळतं, पण त्या चाचणीला तेवढं पुरतं. पोरगं पातेल्यासमोर मोबाईलचा व्हिडिओ लावून बसलं होतं. त्र्याऐंशीला उघडलं.

पुढच्या भागात इंजेक्टरवर बोलू. भेटू.