आकाशातील वळसे आणि त्यांचा हिशेब



मुंबईला जाणारे विमान वेळेवर निघते, वेळेवर मुंबईच्या जवळ पोहोचते आणि मग उतरतच नाही. खाली खाडी दिसते, थोड्या वेळाने डोंगर दिसतात, पुन्हा तीच खाडी. प्रवासी घड्याळाकडे पाहून चडफडतात आणि वैमानिक शांत स्वरात सांगतो की, गर्दीमुळे थोडा विलंब होईल. या ‘थोड्या विलंबा’ची किंमत किती, याचा आकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच जाहीर केला. मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत होत्या. विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन जाळते असे धरले, तर एका विमानाचे १.७ ते २.५ किलोलिटर इंधन, म्हणजे सुमारे १.८ ते २.६ लाख रुपये, केवळ वाट पाहण्यात धुराबरोबर उडून जात होते.

रुपयांचा हिशेब मंत्रालयाने मांडला. धुराचा हिशेब आपण मांडू. एक किलो विमान इंधन जळाले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वजन वाढलेले पाहून कुणी दचकू नये. हवेतील ऑक्सिजन त्यात मिसळतो. म्हणजे ४० मिनिटांच्या घिरट्यांत सव्वाचार टन आणि तासाभराच्या घिरट्यांत सव्वासहा टनांहून अधिक कर्बवायू वातावरणात जातो. विमानात १८० प्रवासी असतील, तर माणशी २३ ते ३५ किलो. या काळात प्रवासी आपल्या मुक्कामाच्या एक पाऊलही जवळ गेलेला नसतो. प्लॅस्टिकची पिशवी टाळून कापडी पिशवी घेणाऱ्या सुशिक्षित कुटुंबाने पर्यावरणाची जी काही बचत वर्षभरात केली असेल, तिचे काय होत असेल, हा प्रश्न विचारावाच लागेल.

पर्यावरण म्हटले की आपल्यासमोर नदी, जंगल, डोंगर येतो. आकाश येत नाही, कारण ते रिकामे आहे असा आपला समज असतो. वास्तविक आकाश रिकामे नसते. ते जमिनीइतकेच मोजलेले, आखलेले आणि वाटून दिलेले असते. भारताकडे सोपविलेले हवाई क्षेत्र सुमारे २८ लाख चौरस सागरी मैलांचे आहे आणि त्यातील १७ लाख चौरस सागरी मैल अरबी समुद्र, बंगालचा उपसागर व हिंदी महासागर यांवर पसरलेले आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशी त्याची चार प्रमुख क्षेत्रे आहेत. १ एप्रिल १९९५ रोजी स्थापन झालेले भारतीय विमानतळ प्राधिकरण या आकाशातील वाहतुकीचे नियमन करते. या विस्तीर्ण मालमत्तेचा वापर काटकसरीने होतो की उधळपट्टीने, हा राष्ट्रीय हिताचा प्रश्न आहे. आपण कच्चे तेल परदेशातून आणतो. आकाशात वाया गेलेले इंधन हे शेवटी देशाबाहेर गेलेले परकीय चलन असते.

उधळपट्टी होते कुठे? पहिली जागा म्हणजे वाकडा मार्ग. दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर दिसते, तशी ती आकाशात उपलब्ध नसते. मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ‘आत्मनिर्भर भारत’ योजनेचे टप्पे जाहीर करताना एक गोष्ट सांगितली होती, तिच्याकडे त्या गदारोळात फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. भारताच्या हवाई क्षेत्रापैकी केवळ ६० टक्के क्षेत्र नागरी विमानांना मोकळेपणाने उपलब्ध होते. उरलेल्या क्षेत्राला नागरी विमानांना वळसा घालावा लागे. हे निर्बंध सैल केले तर विमान क्षेत्राचे वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील, असा अंदाज तेव्हा मांडण्यात आला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ते क्षेत्र सेनादलांकडे आहे ते उगाच नाही. लढाऊ वैमानिकाचा सराव शहरावरून जाणाऱ्या प्रवासी विमानांच्या मधून होऊ शकत नाही, क्षेपणास्त्राची चाचणी वेळापत्रक बघून थांबत नाही, आणि ज्या देशाला दोन बाजूंनी सावध राहावे लागते त्याने या बाबतीत कुचराई करावी असे कुणीही म्हणणार नाही. प्रश्न मालकीचा नाही, वेळेचा आहे. सराव सकाळी चार तास चालतो आणि क्षेत्र मात्र चोवीस तास बंद राहते, असे असेल तर त्यातून ना संरक्षण साधते ना बचत. गावातील शाळेचे मैदान सकाळी शाळेचे असते, संध्याकाळी मुलांचे असते. त्यासाठी मैदानाचे दोन तुकडे करून मध्ये कुंपण घालावे लागत नाही. ‘हवाई क्षेत्राचा लवचीक वापर’ या जड शब्दांचा अर्थ एवढाच आहे. जेव्हा सेनादलांना गरज नाही, तेव्हा तो मार्ग नागरी विमानांना खुला करावयाचा आणि गरज पडताच पुन्हा मिटावयाचा. यासाठी दोन्ही बाजूंचे अधिकारी रोज एकमेकांशी बोलत राहणे आवश्यक असते. कोट्यवधींच्या यंत्रसामग्रीपेक्षा हे बोलणे कठीण, असा जगभरचा अनुभव आहे.

पुण्याच्या आणि गोव्याच्या लोकांना हे वेगळे सांगावयास नको. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि दाभोळी नौदलाचा. नागरी विमाने तेथे पाहुण्यासारखी वावरतात.

जागेची ही अडचण किती जीवघेणी ठरू शकते, हे देशाने १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी पाहिले. हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ यांची टक्कर झाली. ३४९ माणसे गेली. एकही वाचले नाही. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले, हे अपघाताचे तात्कालिक कारण. परंतु दिल्लीला येणारी आणि दिल्लीहून निघणारी विमाने त्या काळी एकाच चिंचोळ्या मार्गाने समोरासमोर ये-जा करीत, आणि नियंत्रकाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे, हेही तितकेच खरे. त्यानंतर येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, नवी रडार यंत्रणा आली, टक्कर टाळणारे उपकरण विमानांत सक्तीचे झाले. सुरक्षा आणि पर्यावरण यांत एकाला दिले तर दुसऱ्याचे जाते असे पुष्कळांना वाटते. चरखी दादरीने दाखविले की पुरेसे आकाश आणि अचूक उपकरणे ही दोघांचीही गरज आहे.

उपकरणे सुधारली की काय होते याचे उत्तम उदाहरण २७ नोव्हेंबर २००३ चे आहे. तोपर्यंत भारताच्या आकाशात २९,००० फुटांच्या वर उडणाऱ्या विमानांत २,००० फुटांचे उभे अंतर ठेवावे लागे, कारण त्या उंचीवर उंचीमापकाचा भरवसा कमी. त्या दिवसापासून ४१,००० फुटांपर्यंत हे अंतर १,००० फुटांवर आले. पूर्वी जेथे सात मजले होते तेथे तेरा झाले. जेट विमान त्याच्या वजनाला योग्य अशा उंचीवर सर्वांत कमी इंधन खाते. खालच्या दाट हवेत अडकून पडले की खादाड होते. सहा नवे मजले मिळाल्यामुळे अधिक विमानांना हवी ती उंची मिळू लागली. या बदलाचा गाजावाजा झाला नाही. वृत्तपत्रांना अपघात दिसतात, न जळलेले इंधन दिसत नाही.

उतरण्याचेही तसेच आहे. वैमानिकाला सोयीची उतरण घसरगुंडीसारखी असते. इंजिनांचा जोर कमी करून विमान अलगद खाली येते. गर्दीच्या विमानतळावर मात्र त्याला जिन्याने उतरावे लागते. एक पायरी खाली, तेथे सपाट उड्डाण, त्यासाठी पुन्हा इंजिनांना जोर, मग पुढची पायरी. प्रत्येक पायरीवर इंधन जाते आणि खाली घाटकोपर-कुर्ल्याच्या वस्तीला आवाज सोसावा लागतो तो वेगळाच.

काही वळसे मात्र आपल्या हातात नसतात. बालाकोटनंतर पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस आपले आकाश बंद केले, ते १६ जुलै २०१९ पर्यंत. या काळात २ जुलैपर्यंतच एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने संसदेत सांगितले. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली. भारतानेही लगेच तसेच उत्तर दिले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमाने अरबी समुद्रावरून वळू लागली आणि अमेरिकेच्या काही फेऱ्यांना व्हिएन्ना-कोपनहेगनला इंधनासाठी थांबावे लागले. हा खर्च देशाने समजून-उमजून सोसला. परंतु म्हणूनच, जे वळसे आपल्याच हद्दीत, आपल्याच कारभारामुळे पडतात, ते सोसण्याचे काही कारण उरत नाही.

आपल्याकडे बुद्धीची कमतरता नाही, याचा पुरावा ‘गगन’ हा प्रकल्प. ‘इस्रो’ आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून तो उभा केला. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांच्या संकेतांतील चुका जमिनीवरील केंद्रे शोधतात आणि जीसॅट मालिकेतील आपले उपग्रह दुरुस्ती विमानापर्यंत पोहोचवितात. धावपट्टीवर महागडी उपकरणे न बसविताही विमानाला अचूक उतरण दाखविता येते. ढग खाली आले म्हणून दुसऱ्या शहरी जाऊन परत येण्याची वेळ टळते. आणि अशी एक परतफेरी म्हणजे किती इंधन, हे सांगणे न लगे. अमेरिका, युरोप आणि जपान यांच्यानंतर अशी यंत्रणा उभारणारा भारत चौथा. एप्रिल २०१५ मध्ये अशा उतरणीसाठी तिला प्रमाणपत्र मिळाले. प्रत्यक्षात प्रवासी कंपनीच्या विमानाने तिच्या आधारे पहिले अवतरण केले ते एप्रिल २०२२ मध्ये, राजस्थानातील किशनगढला. मध्ये सात वर्षे गेली! २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या विमानांत ही सोय सक्तीची ठरविली होती. ती मुदतही पुढे ढकलली गेली. कंपन्या म्हणाल्या, उपकरणाचा खर्च परवडत नाही. भारतीय विमान कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा ४० टक्क्यांच्या घरात असतो, हे त्याच कंपन्या तिकिटांचे दर वाढविताना सांगतात.

आता पुन्हा मुंबईकडे पाहू. येथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ रोजी या विमानतळावर २४ तासांत १,०३२ उड्डाणे व अवतरणे झाली. हा विक्रम म्हणून मिरविला गेला. परंतु वेळापत्रकात श्वास घ्यायलाही जागा न ठेवता भरलेली धावपट्टी म्हणजे आकाशातील घिरट्यांची हमी. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या वेळेतील तासाची संख्या ४६ वरून ४४ आणि इतर वेळी ४४ वरून ४२ करावी लागली. खासगी विमानांच्या वेळांवरही बंधने आली. तासाला दोन विमाने कमी करणे हाच येथे पर्यावरणाचा उपाय ठरला, हे ध्यानात घ्यावे. दुसरा उपाय दिल्लीतील मध्यवर्ती केंद्रातून चालतो. मुंबईला जागा नसेल तर विमानाला नागपूर किंवा हैदराबादलाच, इंजिन बंद ठेवून, थांबवायचे. तेथे खोळंबलेला प्रवासी संतापतो. जमिनीवरचा तो अर्धा तास हवेतील अर्ध्या तासापेक्षा सर्वांनाच स्वस्त पडतो, हे त्याला कुणी सांगत नाही. सांगितले पाहिजे.

ब्रिटनमध्ये २०१२ पासून एक पद्धत आहे. प्रत्येक विमान आदर्श मार्गापासून आडवे किती भटकले आणि उंचीत किती अडखळले, यावरून तेथील हवाई वाहतूक नियंत्रण संस्थेला गुण दिले जातात. शून्य म्हणजे उत्तम. नियामक लक्ष्य ठरवितो. ते गाठले तर संस्थेला बक्षीस, चुकले तर भुर्दंड. इंग्रजांची प्रत्येक गोष्ट उचलावी असे नाही. दिल्ली-मुंबई मार्गावरील हवामान, मान्सूनचे मेघ, सीमेची परिस्थिती यांचा विचार करून आपले मोजमाप आपणच ठरवावे. परंतु ते वर्षाला प्रसिद्ध व्हावे आणि त्याला पैशाची धार असावी. नियंत्रकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसावर इंधन वाचविण्याचे दडपण कदापि येता कामा नये. त्याचा धर्म सुरक्षा. हिशेब संस्थेचा व्हावा, माणसाचा नव्हे.

यात एक अप्रिय सत्यही आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. सरळ मार्गांनी प्रत्येक उड्डाणामागे थोडे इंधन वाचेल. उड्डाणे दुप्पट झाली तर एकूण धूर वाढणारच. नियंत्रण यंत्रणेने चमत्कार करावा ही अपेक्षा चुकीची आहे. जो धूर टाळणे शक्य आहे तेवढाच तिने टाळावयाचा आहे.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. धावपट्टी वाढली, पण दोन्ही विमानतळांना आकाश एकच आहे. सांताक्रूझला उतरणारा आणि उलव्याहून उडणारा यांचे मार्ग कसे आखले जातात, यावर घिरट्या कमी होणार की नुसत्या वाटल्या जाणार, हे ठरेल. याच दिशेने आणखी मोठा विचार नागपूरच्या संदर्भात सुरू आहे. १९४९ साली मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासहून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा तो उपयोग होता. आता चारही हवाई क्षेत्रे एकत्र करून त्यांचे नियमन नागपूरहून करण्याच्या ‘ईशान’ योजनेचा सविस्तर आराखडा तयार करण्यासाठी प्राधिकरणाने २०२४ मध्ये प्रस्ताव मागविले. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाताना विमानाला आज जी उंची, वेग आणि मार्ग यांची नवी घडी बसवावी लागते, ती तेथे बसवावी लागणार नाही, ही त्यामागची कल्पना आहे.