मृगजळाच्या राजवाड्यात दोन रात्री
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वाळवंटात राहून आलात, तर चार शब्द सांगा, असे चिटणीसबाई म्हणाल्या तेव्हा मला हसूच आले. मी काही तंबूत राहिले नाही, की उंटावरून मजल मारली नाही. राहिले ती एका भल्या मोठ्या हॉटेलात, आणि आमचा सारा खल झाला तो खोली कोणती घ्यावी यावर!

2024 च्या जानेवारीत मी अबू धाबीला थोरल्या बहिणीकडे गेले होते. अक्का तिथे तीस वर्षे परिचारिका होती. आता नोकरी संपवून ती कायमची इकडे यायची होती. निघण्यापूर्वी भाच्याने आम्हा दोघींना 'कसर अल सराब' येथे दोन रात्री राहायला पाठवायचे ठरवले. या नावाचा अर्थ मृगजळाचा राजवाडा. शहरापासून मोटारीने दोनेक तासांवर, लिवाच्या बाजूला तो आहे. लिवा म्हणजे खजुरीच्या बागांची जुनी वस्ती. अबू धाबीच्या राजघराण्याचे मूळ तिथलेच. त्यापुढे 'रुब अल खाली' हे वाळवंट, आपला महाराष्ट्र दोनदा मावेल एवढे!

भाच्याने संगणकावर सगळे दाखवले. एकूण 206 बिऱ्हाडे म्हणा ना! त्यांतल्या बहुतेक साध्या खोल्या. साध्या म्हणजे तिथल्या हिशेबाने. आपल्याकडच्या दोन खोल्या त्या एकीत बसतील. त्यांत बागेकडच्या, वरच्या मजल्यावर सज्जाच्या, आणि तळमजल्यावर ओटा असलेल्या, असे प्रकार. मग 42 व्हिला, एक ते तीन शयनगृहांचे, प्रत्येकाला स्वतःचा पोहण्याचा हौद. शिवाय दहा शाही व्हिला, मुख्य वस्तीपासून वेगळे. ते नवपरिणितांना ठीक. आम्हा दोन म्हाताऱ्यांना तो एकांत काय करायचा?

अक्का म्हणाली, "बागेकडची स्वस्तातली घे. वाळू काय, दाराबाहेर फुकट आहे." माझे गुडघे जिना नको म्हणतात, म्हणून मी ओट्याची खोली मागितली. भाच्याचे मन दोन शयनगृहांच्या व्हिलावर. तो आमच्या दोन खोल्यांपेक्षा महाग पडत होता, आणि पहिल्या रात्री रिकामाही नव्हता. शेवटी पहिली रात्र दोन खोल्या, दुसरी रात्र व्हिला असे ठरले.

ओट्याची खोली मला फार आवडली. पायरीची कटकट नाही, आणि खुर्ची टाकून बसले की समोर वाळूच्या टेकड्या. उन्हे कलली तशा त्या पिवळ्याच्या तांबूस झाल्या. आवार मात्र फार विस्तीर्ण. जेवायला जायचे तर आम्ही विजेची छोटी गाडी बोलावीत होतो. जेवून आलो, अक्का तिच्या खोलीत गेली, मी माझ्या. दारे लागली. रात्री जाग आली तेव्हा वाटले, हिला भेटायला समुद्र ओलांडून आले आणि मध्ये भिंत!

दुसऱ्या रात्री व्हिलात मध्ये बैठकीची खोली होती. हौदात पोहणार कोण? लुगडी वर खोचून आम्ही पाय तेवढे सोडले आणि मी घरून नेलेले बेसनाचे लाडू खाल्ले. इतके महाग लाडू मी जन्मात खाल्ले नसतील.

तिथे अक्का आपणहून बोलली. 1998 साली आमची आई गेली तेव्हा ती आली नाही. मी तो राग इतकी वर्षे धरून होते. तिने सांगितले, रजा मिळाली नाही आणि पासपोर्ट नोकरी देणाऱ्यांच्या कपाटात होता. "पत्रात का नाही लिहिलेस?" मी विचारले. म्हणाली, "तुम्हाला तिकडे वाटे मी सुखात आहे. तेवढे तरी राहू दे म्हटले."

दोन शयनगृहे होती, पण एकच बिछाना विसकटला.

मंडळातल्या पुष्कळ जणींची मुले आखातात आहेत, म्हणून सांगते. हिवाळ्यातच जा. दर स्वस्त दिसला तरी उन्हाळ्यात जाऊ नका. पारा 45 अंशांच्या वर जातो. गुडघे दुखत असतील तर तळमजला आधीच मागून घ्या. खोलीतून वाळू दिसते की बाग, तेही विचारा. आणि बहिणीबरोबर जात असाल तर दोन खोल्या घेऊ नका.

अक्का आज पहिल्या रांगेत बसली आहे. तिने मला हे सगळे सांगायची परवानगी दिली आहे, फक्त लाडवांचे सांगू नको म्हणाली होती.