घरातील व्यायामयंत्र



तालीम हा शब्द उच्चारला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, त्यात चार गोष्टी हटकून असतात : मारुतीची मूर्ती, तांबडी माती, जोर-बैठका काढणारी मुले आणि कडेला उभा असलेला वस्ताद. यांतील चौथ्या गोष्टीकडे मी आज आपले लक्ष वेधू इच्छितो. कारण घरात व्यायामाचे यंत्र आणून बसविताना आपण पैसा खर्च करतो, जागा रिकामी करतो, उत्साहही भरपूर दाखवितो. परंतु वस्तादाला मात्र घराबाहेरच ठेवून येतो.

तालमीत नवा मुलगा आला की पहिल्याच दिवशी त्याच्या हाती मुद्गल पडत नसे. काही दिवस त्याने आखाडा खणावयाचा, माती चाळावयाची, तीत तेल, ताक, हळद मिसळावयाची. पुढे त्याच मातीवर तो पडणार असे आणि ती त्याला झेलणार असे. किती जोर काढावयाचे हे वस्ताद सांगे; कंबर खचली, मान वाकडी झाली, की तेथेच टोकी. सुरक्षितता हा शब्द त्या वेळी कोणाच्या तोंडी नसेल, पण तिची व्यवस्था त्या रिवाजात पुरेपूर होती. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे जीवन दिले, तोही याच शिस्तीत वाढला. माळव्याला त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. मध्य प्रदेश सरकारने २०१३ साली त्याला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली.

यंत्राच्या साहाय्याने व्यायाम करणे ही गोष्ट आपण समजतो तितकी नवी नाही. स्वीडनमधील डॉक्टर गुस्ताव झांडर यांनी १८६५ साली स्टॉकहोम येथे तरफा आणि वजने बसविलेल्या यंत्रांची व्यायामसंस्था काढली. प्रतिकार मोजून-मापून कमी-जास्त करता यावा, हा त्यांचा हेतू होता आणि आजच्या यंत्रामागेही तोच आहे. पुढे युजेन सँडो या मल्लाने हाच विचार घरोघर नेला. भिंतीला अडकवून ताणावयाचे लवचीक दोर आणि मध्ये स्प्रिंगा बसविलेले डंबेल ही त्याची साधने. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात येऊन आपले प्रयोग करून गेला. परंतु त्याची कीर्ती त्याच्या आधीच येथे पोहोचली होती. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्येच सँडोची पुस्तके आणि साधने मागविली व सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नियमित व्यायाम केला. सूर्यनमस्कारांकडे ते वळले ते त्यानंतर. ज्यांचे नाव सूर्यनमस्कारांशी कायमचे जोडले गेले, त्यांनी आधी दहा वर्षे यंत्राची परीक्षा घेतली होती, हे यंत्राला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी विसरू नये. आणि सँडोची साधने पुस्तकाबरहुकूम वापरण्याइतकी शिस्त त्यांच्या अंगी होती, हे यंत्राच्या भक्तांनीही ध्यानात घ्यावे.

आता आपल्या भागाकडे वळू. इंदुरात यंत्र विकत घेतले तर ते जोडून देणारा माणूस दारी येतो. देवास जिल्ह्यात सतवास, कन्नोद, खातेगाव अशा ठिकाणी ते पुष्कळदा नुसते खोक्यांतून येऊन पडते. आत नळ्या, कप्प्या, तारेचे दोर, लोखंडी पाट्या, बोल्टांची पिशवी आणि न समजणाऱ्या आकृत्यांची एक पुस्तिका. शिवाय काही विपरीत घडले तर मोठे रुग्णालय गाठण्यासाठी देवासची किंवा इंदूरची वाट धरावी लागते. म्हणून शहरात राहणाऱ्यापेक्षा आपण अधिक सावध असावयास पाहिजे.

प्रथम जागेचा विचार. पाट्यांची वजने असलेले मल्टी-जिम हे यंत्र सहज शंभर-दीडशे किलो भरते. त्यावर माणसाचे ओझे वेगळे. जुन्या घराच्या लाकडी तुळयांच्या माडीवर ते चढवू नये, तळमजल्यावरच ठेवावे. खाली गुळगुळीत फरशी असेल तर रबराची जाड चटई अंथरावी. घामाचे चार थेंब पडले की अशा फरशीवरून पाय सरकतो. मातीची जमीन असेल तर पायांखाली सारखी, भक्कम फळी हवी. गवंड्याकडून पाणसळ आणून जमीन तपासण्यास दहा मिनिटे पुरतात, पण हे कोणी करीत नाही. यंत्र थोडे जरी कलते राहिले तरी वजनाच्या पाट्या आपल्या दांड्यांवर घासत चढतात, मध्येच अडतात आणि मग एकदम सुटतात.

जोडणी दोघांनी मिळून करावी. सर्वांत मोठी चूक होते ती बोल्ट आवळण्यात. पहिला बोल्ट बसविला की तो लगेच पान्याने करकचून आवळण्याचा मोह होतो. तसे केल्यास पुढची भोके जुळत नाहीत, मग ठोकाठोक सुरू होते आणि सारा सांगाडा ताणलेल्या स्थितीत उभा राहतो. सर्व बोल्ट आधी नुसते हाताने फिरवून बसवावे. चारही पाय जमिनीला टेकले, उभे खांब ओळंब्यात आले, की मगच पान्याने आवळावे. ज्या नटांच्या आत नायलॉनचे कडे असते ते एकदा काढल्यावर पुन्हा वापरू नयेत, त्यांची पकड गेलेली असते. पहिल्या आठवड्यानंतर सर्व बोल्टांवरून पुन्हा एकवार पाना फिरवावा. नवे यंत्र चालून चालून थोडे बसते व बोल्ट सैल होतात.

कप्पीविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण त्यातून एक सार्वत्रिक गैरसमज उद्भवतो. एका जागी पक्की बसविलेली कप्पी, आपल्या विहिरीवरच्या रहाटासारखी, ओढीची केवळ दिशा बदलते. वजनाबरोबर वरखाली सरकणारी कप्पी मात्र निम्मे ओझे दुसऱ्या दोराला देते आणि त्याच्या बदल्यात आपल्याकडून दुप्पट लांबीचा दोर ओढून घेते. यामुळे पाटीवर ४० हा आकडा असला तरी हातावर ४० किलो पडतातच असे नाही. एका यंत्रावर ते २० असतील, दुसऱ्यावर पुरते ४०, आणि घर्षणामुळे त्यातही फरक पडेल. इंदूरला शिकणारा मुलगा सुट्टीत घरी येतो, तेथील यंत्रावर आपण अमुक पाट्या उचलीत होतो म्हणून येथेही तेवढ्याच लावतो आणि खांदा दुखावून बसतो. नव्या यंत्रावर मागील आकडे विसरून तळापासूनच सुरुवात करावी.

तारेचा दोर हा या यंत्राचा प्राण होय. त्यावरील प्लॅस्टिकच्या वेष्टनाला तडे गेले, तो कप्पीजवळ चपटा झाला, किंवा टोकाशी बारीक तारा केसांसारख्या बाहेर आल्या, तर त्या दिवसापासून व्यायाम बंद. दोर बदलल्यावाचून यंत्राला हात लावावयाचा नाही. तपासताना उघडे बोट फिरवू नये. फडके धरून फिरवावे. तुटलेली तार असेल तर ते अडकते. वजन ठरविणारी जी खीळ असते ती पूर्ण आत गेली आहे ना, हे दर वेळी पाहावे. ती हरवली म्हणून तेथे साधा खिळा खुपसण्याची युक्ती कोणी काढतो. ती युक्ती जीवावर बेतू शकते. पाटी वर अडकून राहिली तर तिच्याखाली हात घालू नये, ही सूचना मुलांना तर रोज दिली पाहिजे.

आता प्रत्यक्ष व्यायाम. ज्यांना रक्तदाब, मधुमेह वा हृदयाचा विकार आहे, किंवा चाळिशी उलटल्यावर जे प्रथमच व्यायामाकडे वळत आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाने साखर एकाएकी उतरू शकते हे लक्षात ठेवून गूळ वा साखर जवळ ठेवावी. आरंभी पाच-दहा मिनिटे चालावे, हात-पाय मोकळे करावे. त्यानंतर वजन असे निवडावे, की जे बारा ते पंधरा वेळा नीट उचलता येईल. शेवटची दोन-तीन आवर्तने जड वाटावी, पण शरीराची ठेवण मोडू नये. ज्या घटकेला पाठ झटका देऊ लागली, त्या घटकेला ते आवर्तन संपले असे समजावे. तालमीत हे वस्ताद ओळखीत असे. येथे त्याचे काम समोरच्या भिंतीवरील आरशाने किंवा घरातील दुसऱ्या कोणी करावयाचे आहे. वजन वर नेण्यास जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ ते खाली आणण्यास द्यावा. पाट्या धाडकन आदळण्याचा आवाज ऐकून पुष्कळांना पराक्रम केल्यासारखे वाटते. वस्तुतः त्या आवाजाबरोबर दोर आणि सांधे दोन्ही झिजत असतात. डोक्यावरची आडवी दांडी मानेमागे ओढण्याची पद्धतही सोडून द्यावी. ती छातीपुढे ओढावी, खांद्याला तेच मानवते.

श्वासाच्या बाबतीत एक खास इशारा. आपल्यापैकी अनेकांना प्राणायामातील कुंभकाची सवय असते. ती आसनावर बसून ठीक. ओझे उचलताना श्वास कोंडून धरल्यास रक्तदाब क्षणार्धात फार चढतो आणि वयस्क माणसाला ते घातक ठरू शकते. वजन उचलताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे वजनाच्या यंत्रावर रोज बसण्याची गरज नाही. नवशिक्याने त्याच स्नायूंना दोन दिवसांची विश्रांती दिली तर बळ कमी होत नाही, उलट वाढते. दुसऱ्या दिवशी दोन्ही अंगांना बोथट ठणका लागणे स्वाभाविक आहे. व्यायाम चालू असतानाच एका सांध्यात तीक्ष्ण कळ येणे स्वाभाविक नाही. पहिल्याच दिवशी ईर्ष्येने शेकडो बैठका मारल्यानंतर स्नायू सुजले आणि लघवी चहासारखी काळपट होऊ लागली, तर तो थकवा समजून घरी पडून राहू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडांवर संकट आल्याची ती खूण असते. छातीत दाब, जबड्यात वा डाव्या हातात कळ, घेरी, यांतील काहीही झाले तर तेथेच थांबावे आणि घरच्यांना हाक मारावी. यासाठीच व्यायामाच्या खोलीला आतून कडी लावू नये. एकांत हवा असेल तर दार लोटून घ्यावे.

राहिली ट्रेडमिल. तिचे मूळ फारसे रम्य नाही. विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ च्या सुमारास कैद्यांकडून श्रम करून घेण्यासाठी तिचा पूर्वज असलेले पायचाक तयार केले. आज आपण पैसे देऊन त्यावर चढतो, ही काळाची गंमत होय. तिला अर्थिंग असलेले स्वतंत्र, सोळा अँपिअरचे सॉकेट पाहिजे. लोंबत्या एक्स्टेन्शन बोर्डावर ती चालवू नये. रब्बीच्या दिवसांत पंप सुरू झाले की घरातील दिवे कसे मंदावतात ते आपण पाहतो. त्यासाठी योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर घ्यावा. वीज गेली की पट्टा थांबतो, आपण मात्र गतीतच असतो. म्हणून नवशिक्याचा हात कठड्याजवळच असावा. मागे दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जागा मोकळी हवी. मागे भिंत असेल तर पडलेला माणूस भिंत आणि चालता पट्टा यांच्यामध्ये सापडतो. पट्ट्याखाली द्यावयाचे तेल सिलिकोनचे असते, स्वयंपाकघरातील नव्हे. तालमीत अनवाणी जाणे योग्य, येथे बूट आवश्यक. स्त्रियांनी साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी आणि लांब मंगळसूत्र यांचा बंदोबस्त करूनच पट्ट्यावर पाऊल ठेवावे. यंत्राबरोबर दोरीला बांधलेली एक छोटी किल्ली येते. तिचा चिमटा कपड्याला लावला म्हणजे माणूस मागे घसरताच किल्ली निघून पट्टा थांबतो. बहुतेक घरांत हा चिमटा यंत्रालाच लटकत असतो.

लहान मुलांना या यंत्राचा मोठा धोका आहे. अमेरिकेत मे २०२१ मध्ये पेलोटन कंपनीला आपल्या एका प्रकारच्या सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत बोलवाव्या लागल्या. एका सहा वर्षांच्या मुलाचा त्यात मृत्यू झाला होता आणि माणसे, मुले वा वस्तू पट्ट्याच्या मागील बाजूने आत ओढली गेल्याच्या सत्तरांहून अधिक तक्रारी आल्या होत्या. चालणाऱ्याची पाठ नेमकी त्याच बाजूला असते, म्हणून रांगते मूल मागून आले तरी त्याला दिसत नाही. घरात मूल असेल तर यंत्र चालू असेतो ते दुसऱ्या कोणाच्या तरी कडेवर किंवा नजरेखाली असले पाहिजे. व्यायाम संपल्यावर भिंतीवरील बटन बंद करावे, किल्ली काढून घ्यावी आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच फडताळात ठेवून द्यावी.